परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण : तिकडची मुदत आणि इकडचे कागद

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला पिढ्यानपिढ्या जात आलेली आहेत. अलीकडच्या काळात मात्र उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, वाशी अशा सर्वच तालुक्यांतील मुलेमुली समुद्रापलीकडेही जाऊ लागली आहेत. कोणी आखाती देशांत वेल्डर, वायरमन किंवा वाहनचालक म्हणून जातो, कोणी परिचारिका म्हणून जाते, तर कोणी उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेची वाट धरतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती जुनीच आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू झाल्यावर आपल्या समाजातील गरीब घरांतील विद्यार्थ्यांनाही परदेशी विद्यापीठाचे दार उघडले. ही निश्चितच अभिमानाची गोष्ट होय.

मूल परदेशी जाते तेव्हा वस्तीत त्याचा सत्कार होतो. पासपोर्ट काढण्यासाठी सगळे घर धावपळ करते. मात्र एकदा विमान उडाले की त्या छोट्या निळ्या पुस्तिकेची आठवण पुढे कोणालाच राहत नाही. दहा वर्षे केव्हा सरली हे कळत नाही आणि मग एके दिवशी फोन येतो, "बाबा, शाळेचा दाखला शोधा, पासपोर्टची मुदत संपली." आम्ही बँकेत कारकुनी करतो. परदेशातील मुलांच्या खात्यांची कामे आमच्या खिडकीवर येतात. तेव्हा हातात कागदांचा लिफाफा घेतलेले आईवडील आम्ही नेहमी पाहतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावा, असे वाटले.

सांगायचे आहे ते एकच. पासपोर्टचे नूतनीकरण होते परदेशातील भारतीय वकिलातीत, पण ते अडते किंवा सुटते ते गावाकडच्या कागदांवर. म्हणून हे काम जितके तिकडच्या मुलाचे, तितकेच इकडच्या घराचे आहे.

पासपोर्ट ही मेहेरबानी नव्हे

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकली पाहिजे. पासपोर्ट म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी, असे आपल्यातील अनेकांना अजूनही वाटते. एके काळी परिस्थिती तशीच होती. पासपोर्ट द्यायचा की नाही, दिलेला परत घ्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा केल्याशिवाय तो हिरावून घेता येणार नाही. त्यानंतरच त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. पुढे मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ साली सरकारने जप्त केला, तेव्हा प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निर्णय दिला की, कायद्याने ठरवून दिलेली पद्धतही न्याय्य, वाजवी आणि मनमानी नसलेली असली पाहिजे.

या दोन निर्णयांचा अर्थ आपल्यासारख्या सामान्य माणसाने एवढाच लक्षात ठेवावा की, पासपोर्ट नाकारला तर त्याचे कारण लेखी मागता येते आणि त्याविरुद्ध अपील करता येते. खिडकीवर हात जोडून उभे राहण्याची गरज नाही. मात्र हक्क आहे म्हणून कागद नसले तरी चालेल, असाही त्याचा अर्थ होत नाही. हक्क मागणाऱ्याच्या हातात कागद पक्के असले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. पासपोर्टच्या पुस्तिकेत जात किंवा धर्म यांचा रकाना नाही. तेथे माणूस केवळ भारताचा नागरिक म्हणून ओळखला जातो.

मुदत केव्हा संपते, अर्ज केव्हा करावा

प्रौढ व्यक्तीचा साधा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जी मुदत आधी संपेल तेवढाच असतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागण्याची मुभा आहे. कुटुंबासह परदेशी राहणाऱ्यांची येथेच गफलत होते. आईवडिलांच्या पासपोर्टची पाच वर्षे शिल्लक असतात आणि मुलाचा पासपोर्ट मात्र संपलेला असतो. घरातील प्रत्येकाची तारीख वेगळी लिहून ठेवावी.

आपण बोलताना नूतनीकरण म्हणतो, पण जुन्या पुस्तिकेवर मुदत वाढवल्याचा शिक्का मारून मिळत नाही. नवी पुस्तिका मिळते, तिचा क्रमांकही नवा असतो. कार्यालयीन भाषेत याला 'री-इश्यू' म्हणतात. अर्ज भरताना हाच शब्द शोधावा.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. तो त्याच वेळी करावा, हा आमचा आग्रह आहे. याचे कारण असे की, पासपोर्टवर छापलेली तारीख ही कागदावरची शेवटची तारीख असते, व्यवहारातील शेवटची तारीख त्याच्या बरीच आधी येते. पुष्कळ देश सहा महिन्यांहून कमी मुदत उरलेल्या पासपोर्टवर प्रवेश देत नाहीत. आखाती देशांत राहण्याचा परवाना, म्हणजे आपली मुले ज्याला अकामा किंवा इकामा म्हणतात तो, पासपोर्ट चालू असल्याशिवाय सुरळीत वाढत नाही. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर उतरणाऱ्याला विमानतळावर राहण्याची जी मुदत दिली जाते, ती पुष्कळदा पासपोर्टच्या अखेरच्या तारखेपर्यंतच तोडली जाते. व्हिसा पुढील दोन वर्षांचा असला तरी माणूस त्या तारखेनंतर तेथे बेकायदा ठरू शकतो. थोडक्यात, पासपोर्टची मुदत संपली म्हणजे फक्त प्रवास थांबतो असे नाही. परवाना, नोकरी, बँक, घरभाडे अशी एकापुढे एक लावलेली विटांची रांगच कोसळू लागते.

अर्ज कोठे व कसा करावा

ज्या भागात आपण राहतो त्या भागाची जबाबदारी असलेल्या भारतीय वकिलातीकडे किंवा महावाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा असतो. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातीत अबू धाबीत राहणाऱ्याने तेथील वकिलातीकडे, तर दुबई-शारजा भागात राहणाऱ्याने दुबईच्या महावाणिज्य दूतावासाकडे जायचे. सौदी अरेबियात रियाध व जेद्दा अशी विभागणी आहे. बहुतेक ठिकाणी अर्ज घेण्याचे काम वकिलातीने नेमलेल्या एजन्सीकडे असते. ही एजन्सी वेळोवेळी बदलते. म्हणून मित्राने पाच वर्षांपूर्वी सांगितलेल्या पत्त्यावर न जाता वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावरच चालू नाव पाहावे. सरकारी नावासारखी नावे घेऊन पैसे उकळणारे दलाल सगळीकडे आहेत.

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढायची, सही करायची आणि ठरलेल्या वेळी केंद्रावर जायचे. सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांची झेरॉक्स, तेथे कायदेशीर राहत असल्याचा पुरावा, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे पत्रही न्यावे. फोटोच्या बाबतीत आता फार काटेकोरपणा आला आहे. पांढरी पार्श्वभूमी, उघडे डोळे, सरळ चेहरा आणि चष्म्याशिवाय असाच फोटो चालतो. फोटो नापसंत झाला म्हणून अर्ज परत आला, अशी उदाहरणे कमी नाहीत. शुल्क त्या देशाच्या चलनात भरावे लागते आणि ते प्रत्येक देशात वेगळे असते.

मुलगा सुट्टीवर गावी येणार असेल तर भारतातही हे काम करता येते. २०१८ पासून देशातील कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करण्याची सोय झाली आहे. २०१७ पासून पोस्टाच्या इमारतींतही पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी मुंबईची वारी करावी लागत नाही. येथे छत्तीस पानी पुस्तिकेचे शुल्क १५०० रुपये आणि तत्काळसाठी आणखी २००० रुपये आहे. मात्र तीन आठवड्यांच्या रजेत हे काम उरकेलच, असे गृहीत धरू नये. परतीचे तिकीट हातात आणि पासपोर्ट कार्यालयात, अशी अवस्था फार वाईट.

आता पुस्तिकेत इलेक्ट्रॉनिक चिप असलेले ई-पासपोर्ट मिळू लागले आहेत. त्याची प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ रोजी झाली. जुना पासपोर्ट त्यामुळे बाद होत नाही. तो त्याच्या मुदतीपर्यंत चालतो.

गावाकडचे कागद

येथवरचे काम कोणताही शिकलेला मुलगा स्वतः करू शकतो. खरी अडचण यापुढे आहे.

आपल्या आधीच्या पिढीत घरी बाळंतपणे होत, जन्माची नोंद होत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने तारीख लिहीत आणि ती बहुधा १ जून असे. आजही एखाद्या गावची मतदारयादी किंवा शाळेचे रजिस्टर पाहिले तर निम्मे गाव १ जूनला जन्मल्यासारखे वाटते. पुढे कोणीतरी ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढतो, त्यावर वेगळी तारीख येते. एका माणसाच्या दोन जन्मतारखा होतात आणि दोन्हींवर सरकारी शिक्का असतो.

नावाचेही तसेच. मराठीत कांबळे हे आडनाव एकच आहे. इंग्रजीत लिहिताना मात्र कोणी 'बी' नंतर 'ए' घालतो, कोणी घालत नाही. गायकवाड, सोनवणे, वाघमारे यांचीही हीच गत. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो. काहींच्या जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच राहिला आहे. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचा किंवा पर्यटनाचा व्हिसा न देण्याचे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून ठरवले, तेव्हा अशा अनेकांची अडचण झाली. आपल्या समाजात धम्मदीक्षेनंतर अनेकांनी जुनी, हिणवणारी नावे टाकून नवी नावे घेतली. ते योग्यच झाले. परंतु ज्यांनी ती राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नोंदवली नाहीत त्यांच्या मुलांच्या कागदांवर वडिलांचे नाव कोठे जुने तर कोठे नवे राहिले आहे.

आमच्या माहितीतील एक उदाहरण देतो. उमरगा तालुक्यातील एक तरुण आखातात नोकरीला होता. पासपोर्टची मुदत संपायला दोन महिने उरले असताना त्याने अर्ज केला आणि आता अर्ज करतोच आहोत तर जन्मतारीखही नव्या दाखल्याप्रमाणे 'दुरुस्त' करून घ्यावी, म्हणून त्याच अर्जात तेही मागितले. साधे नूतनीकरण झाले असते, ते तपशील बदलण्याचे प्रकरण झाले. शाळेचा निर्गम उतारा, शपथपत्र, पुन्हा चौकशी असे करता करता महिने गेले. इकामा संपला. बहिणीचे लग्न त्याने मोबाईलवर पाहिले. वडील शाळेत, तहसीलला आणि आमच्याकडे लिफाफा घेऊन हिंडत राहिले. शेवटी काम झाले, पण मधला काळ त्या घराने कसा काढला ते आम्ही पाहिले आहे.

यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, नूतनीकरणाच्या अर्जात जुन्या पासपोर्टातील नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ एका अक्षराचाही फरक न करता तसेच लिहावे. दुसरी, एखादी दुरुस्ती करायचीच असेल तर मुदतीला भरपूर अवकाश असताना, आधी गावाकडचे सर्व कागद एकसारखे करून मगच ती मागावी. जन्मतारीख बदलणे हे सर्वांत अवघड, नावात मोठा बदल करणे त्याखालोखाल अवघड आणि पत्ता बदलणे त्यामानाने सोपे असते.

मुलींच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. लग्न झाले म्हणून पासपोर्टातील नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. माहेरचे नाव ठेवता येते. मात्र नाव बदलायचे असेल, किंवा नवऱ्याबरोबर त्याच्या व्हिसावर जायचे असेल, तर विवाहाची नोंद हवी. आपल्याकडे विवाह विहारात किंवा मंडपात होतो, फोटो निघतात, पण नोंदणी राहून जाते. गावात ग्रामसेवकाकडे ही नोंद होते. ती लग्नाच्या महिन्यातच करून घ्यावी.

उस्मानाबाद की धाराशिव?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. परंतु त्याआधी जन्मलेल्या प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद असेच आहे. ते चूक नाही. त्या दिवशी जिल्ह्याचे जे नाव होते तेच त्या कागदावर आहे. म्हणून घाबरून जाऊन जुने दाखले बदलण्याच्या मागे लागू नये. जन्मस्थळ जुन्या पासपोर्टात आहे तसेच ठेवावे. गावाकडच्या सध्याच्या पत्त्यात जिल्हा धाराशिव लिहावा. परदेशातील एखाद्या कारकुनाला ही दोन वेगवेगळी गावे वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी नामांतराच्या राजपत्राची एक प्रत मुलाकडे पाठवून ठेवावी. एका कागदाने पुष्कळ वाद मिटतात.

लोहारा व उमरगा भागातील बांधवांसाठी आणखी एक सूचना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली. वाचलेल्यांच्या पेट्या, त्यांतील दाखले, सारे ढिगाऱ्याखाली गेले. पुढे गावे नव्या जागी वसली, घरांचे पत्ते बदलले. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज चाळिशीत आहेत आणि त्यांतील ज्यांच्याकडे मूळ दाखला नाही त्यांनी शाळेतून किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून रजिस्टरचा उतारा, तसेच दहावीच्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मंडळाकडून आताच काढून ठेवावी. गरज लागल्यावर या गोष्टी आठ दिवसांत होत नाहीत.

पोलीस पडताळणी

नूतनीकरणाच्या वेळी गावाकडच्या पत्त्यावर पोलीस चौकशी होऊ शकते. अर्जात भारतातील कायमचा पत्ता आणि ओळख देणाऱ्या दोन व्यक्तींची नावे द्यावी लागतात, ती याचसाठी. मुलगा परदेशात आणि दारात पोलीस, हे पाहून म्हातारे आईवडील घाबरतात. काहीतरी गुन्हा झाला असे समजून "आम्हाला काही माहीत नाही" म्हणतात आणि शेजारी तर नावही सांगायला तयार होत नाहीत. मग 'या पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा जातो आणि अर्ज अडकतो. म्हणून अर्ज करण्याआधी मुलाने घरी, पोलीस पाटलांना आणि ज्यांची नावे दिली त्यांना फोन करून सांगावे. घरच्यांनी मुलाचा परदेशातील पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवावी. ही चौकशी नेहमीची असते, त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

ज्यांच्यावर खटला चालू आहे त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे. मोर्चा, आंदोलन किंवा गावातील भांडण यांत नाव गुंतलेले तरुण आपल्यात कमी नाहीत. केवळ एफ.आय.आर. दाखल आहे आणि न्यायालयाने अद्याप दखल घेतलेली नाही, एवढ्यावरून पासपोर्ट नाकारता येत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. खटला न्यायालयात उभा असेल तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. न्यायालयाने काही कालावधी ठरवून दिला असेल तर तेवढ्यासाठी आणि दिला नसेल तर सर्वसाधारणपणे एक वर्षासाठी पासपोर्ट मिळतो. सांगण्याचे तात्पर्य, माहिती दडवू नये. खोटी माहिती देणे हा पासपोर्ट कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

दहावीच्या प्रमाणपत्राचे मोल

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.' अशी नोंद येते. सौदी, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. ही तरतूद कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ही अट लागत नाही. तसेच तीन वर्षे परदेशात राहिल्याचा पुरावा देऊनही ही नोंद काढून घेता येते. नूतनीकरण ही त्यासाठी चांगली संधी असते. नोकरीसाठी गेलेल्या ज्या मुलांनी बाहेरून दहावी केली असेल त्यांनी प्रमाणपत्र जोडून तशी मागणी अवश्य करावी. जे अद्याप शाळेत आहेत त्यांना एवढेच सांगणे की, दहावीचा कागद पुढे विमानतळावरही विचारला जातो.

मालकाच्या तिजोरीतला पासपोर्ट

आखातात गेलेल्या अनेकांचा पासपोर्ट मालक स्वतःकडे ठेवतो. मुलाला वाटते, त्याने व्हिसा दिला म्हणून पासपोर्ट त्याचा. ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. पासपोर्ट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे पासपोर्ट ही सदैव भारत सरकारची मालमत्ता असते. ती बाळगण्याचा अधिकार ज्याच्या नावाने ती दिली त्याचा. नूतनीकरणासाठी मालक पासपोर्ट देत नसेल तर वकिलातीतील कामगार विभागाकडे लेखी तक्रार करावी. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली सुरू केलेल्या 'मदद' या संकेतस्थळावर गावाकडील नातेवाइकांनाही तक्रार नोंदवता येते. हलाखीत सापडलेल्यांसाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले, तेव्हा तेथील सुमारे पावणेदोन लाख भारतीय अडकले. एअर इंडियाने जॉर्डनमधील अम्मानहून एक लाखाहून अधिक लोकांना विमानाने परत आणले. त्या गर्दीत अनेकांजवळ पासपोर्टच नव्हता, कारण तो पळून गेलेल्या मालकाकडे राहिला होता. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना तात्पुरते प्रवासी कागद करून द्यावे लागले. संकट सांगून येत नाही. पासपोर्ट मालकाकडे असलाच तरी त्याची झेरॉक्स आपल्या खिशात, मोबाईलमध्ये आणि गावच्या पेटीत अशी तीन ठिकाणी असावी.

पासपोर्ट हरवला तर प्रथम तेथील पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घेऊन वकिलातीत जावे. हरवल्याची तक्रार दिल्यानंतर जुना सापडला तरी त्यावर प्रवास करू नये, तो रद्द झालेला असतो. घरी मृत्यू किंवा तशीच निकड असेल आणि नवा पासपोर्ट मिळण्यास वेळ असेल, तर वकिलात 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देते. ते फक्त भारतात परत येण्यापुरते असते, त्यावर पुन्हा कामावर जाता येत नाही. मुदत संपलेले, पळून गेलेले असे कामगार सर्वसाधारण माफीच्या काळात याच कागदावर परत येतात. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशी सवलत दिली होती, तेव्हा भारतीय वकिलातीने हे काम केले.

नवा पासपोर्ट आल्यानंतर

जुना पासपोर्ट कोपरा कापून किंवा शिक्का मारून परत मिळतो. तो टाकून देऊ नये. त्यातील व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर अमेरिकेसारख्या देशांत नव्या-जुन्या दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवून प्रवास करता येतो. नवा क्रमांक तेथील सरकारी नोंदीत चढवावा लागतो. सौदीत याला 'नकल मालुमात' म्हणतात. हे न केल्यास विमानतळावर अडवणूक होते. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयालाही नवा क्रमांक कळवावा.

आता आमच्या खात्याबद्दल थोडेसे. परदेशी गेलेल्याचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी खाते करून घ्यावे लागते. त्या खात्याचा आधार पासपोर्टची व व्हिसाची प्रत हाच असतो. मुदत संपलेली प्रत असेल तर बँक नवी मागते आणि ती न मिळाल्यास व्यवहार थांबू शकतात. घराचा हप्ता, आईच्या औषधाचा खर्च, भावाची फी त्याच खात्यातून जात असते. नव्या पासपोर्टची प्रत तेथील नोटरीकडून, भारतीय वकिलातीकडून किंवा भारतीय बँकेच्या तेथील शाखेकडून साक्षांकित करून पाठवावी. मोबाईलवर काढलेला फोटो वडिलांनी दाखवला तर आम्हाला इच्छा असूनही तो धरता येत नाही. जमिनीच्या वारसनोंदीसाठी मुलाला मुखत्यारपत्र पाठवायचे असले तरी वकिलातीत चालू पासपोर्टच दाखवावा लागतो.

२०११ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या मतदारयादीत नाव नोंदवता येते. ते पासपोर्टातील गावाच्या पत्त्यावरून होते आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे दूर राहणाऱ्याचे मतही याच पुस्तिकेवर उभे आहे.

घरोघरी एक फाईल

शेवटी आमची सर्व कुटुंबांना एक विनंती आहे. ज्यांचे कोणी परदेशात आहे किंवा जाणार आहे, त्यांनी घरात एक फाईल करावी. तिच्यात जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आईवडिलांचे आधार कार्ड, नाव बदलले असल्यास राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, नामांतराची अधिसूचना आणि पासपोर्टच्या सर्व पानांची प्रत ठेवावी. वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत पासपोर्ट संपण्याची तारीख लिहावी आणि तिच्या एक वर्ष आधीची तारीख लाल शाईने लिहावी. घरातील शिकत्या मुलीकडे किंवा मुलाकडे ही फाईल सोपवावी. संस्थेच्या विद्यार्थी सभासदांनी सुट्टीत आपल्या वस्तीतील अशा घरांतील दाखले एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले, तर ती मोठी समाजसेवा होईल. त्यासाठी वर्गणी लागत नाही, चार संध्याकाळी पुरतात.

आपल्या आधीच्या पिढ्यांकडे कागद नव्हते म्हणून जमीन गेली, पगार गेला, कधी कधी नावही गेले. आज शिकलेली पिढी घरात आहे. परक्या देशात एकट्या उभ्या असलेल्या मुलाला 'तू कोण?' असे विचारले जाईल, तेव्हा त्याच्या हातातील पासपोर्ट चालू असावा आणि त्यातील प्रत्येक अक्षराला गावाकडच्या पेटीतील कागदाचा आधार असावा. मग त्याला कोणापुढेही मान खाली घालावी लागणार नाही.